अंगठ्याखालचा कोपरा

आमच्या विहीणबाई पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा सोयरीक मोडतेच आहे, असं मला वाटलं होतं. त्यांची मुलगी आमच्या मुलाला द्यायची की नाही, एवढंच ठरायचं होतं. माझ्या बायकोने पाण्याचे पेले पुढे ठेवले. विहीणबाईंनी पेला उचलला, खिडकीकडे धरला, तिरका केला, एक डोळा मिटून आरपार पाहिलं आणि पर्समधून रुमाल काढून पेल्याची कड पुसली. मग पाणी प्यायल्या. बायको आत गेली आणि भांड्यांशी बोलायला लागली. भांडीही तिला चढ्या आवाजात उत्तरं द्यायला लागली. मी आपला खुर्चीच्या कडेवर बसून छत मोजत होतो. तेवढ्यात आपण काय केलं ते विहीणबाईंना उमगलं. कानापर्यंत लाल झाल्या. म्हणाल्या, "माफ करा हं. हात ऐकत नाही माझा. नोकरीच काचा धुण्याची."

मी तिथल्या तिथे मनातून होकार देऊन टाकला. माझे वडील म्हणायचे, ज्याचा हात त्याचंच ऐकत नाही त्याला कामाचं वेड आहे असं समजावं. वेड्याला मुलगी देऊ नये, पण वेड्याची मुलगी जरूर करून घ्यावी. सून आली ती सोन्यासारखी निघाली, हे वेगळं. बायकोने मात्र तो पेला अजून माफ केलेला नाही. विहीणबाई आल्या की त्याच पेल्यात पाणी देते.

ही गोष्ट विहीणबाईंची. मी अधेमधे येईन, त्याला इलाज नाही, कारण बोटं माझी होती.

एका औषधांच्या प्रयोगशाळेत त्या एकतीस वर्षं काचसामान धूत होत्या. तीन मजल्यांची इमारत, वर शिकलेली माणसं, आणि तळमजल्यावर मागच्या अंगाला धुण्याची खोली. दोन खोल सिंक, गरम हवेचं एक कपाट, भिंतीवर खुंट्यांची फळी. खुंट्यांवर बाटल्या पाय वर करून सुकत असायच्या. वरून ट्रॉली भरून यायची, खालून लखलखीत होऊन जायची. सगळे त्यांना 'लख्ख मावशी' म्हणायचे. एकतीस वर्षांत त्यांनी धुतलेली एकही बाटली परत खाली आली नव्हती. याचा त्यांना केवढा अभिमान! बोलून दाखवायच्या नाहीत, पण दुसऱ्याच्या घरचा आरसा बघितला की त्यांच्या भुवईवरून कळायचं.

काच स्वच्छ झाली हे ओळखायचं कसं, ते त्यांनी मला एकदा आमच्याच स्वयंपाकघरात दाखवलं. धुतलेल्या काचेवरून पाणी सोडायचं आणि बघत राहायचं. पाण्याचा पडदा न फाटता सरळ खाली उतरला, तर काच स्वच्छ. पडदा फाटला, पाण्याच्या गोळ्या झाल्या, तर कुठेतरी तेलकट आहे. "पाणी खोटं बोलत नाही, व्याहीबुवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लक्षात ठेवा. पुढे याच वाक्याने घात केला.

आता माझ्या बोटांचं सांगतो. माझी शाळा गावातली, एका खोलीची, चौथीपर्यंत. पण अक्षर! आमच्या गुरुजींनी छडीने वळवलेलं अक्षर ते. गावातली निम्मी पत्रं मी लिहायचो, आणि एका पत्रावरून तर एकाचं लग्न जमलं, ते मग कधीतरी. तर तीन वर्षांपूर्वी माझ्या बोटांचे सांधे सुजले. सकाळी उठलो की दोन्ही हात म्हणजे लाकडाचे चमचे. डॉक्टर म्हणाले, आपलंच शरीर आपल्या सांध्यांवर उलटलंय. घरचाच भेदी. त्यावर औषध होतं, पण दर आठवड्याला सुईने टोचायचं. गोळी का नाही, तर त्या औषधाचा कण प्रचंड मोठा. पोटात गेला की पोट त्याला अन्न समजून पचवून टाकतं. मलम का नाही, तर कातडीतून तो आत शिरेना. दरवाजातून कपाट नेण्यातला प्रकार.

विहीणबाईंच्या प्रयोगशाळेत नेमकं यावरच काम चाललं होतं. तिथल्या मुख्य, ज्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, त्यांनी एक पट्टी काढली होती. आगपेटीएवढी, पातळ, प्लास्टिकची. हाताला मांजरीच्या जिभेसारखी किंचित खरखरीत लागायची, आणि त्या खरखरीवर पुन्हा नक्षी कोरलेली. नक्षी केवढी? एका केसाच्या जाडीत दीड-दोनशे चर शेजारी शेजारी बसतील एवढी. डोळ्यांना दिसायचं नाव नाही. मोठ्या बाईंनी मला समजावलं ते असं: कातडीतल्या पेशी हातात हात घट्ट धरून उभ्या असतात. ही नक्षी त्यांना लागली की त्यांना काय वाटतं कोण जाणे, पण त्या हात थोडा वेळ सैल सोडतात. तेवढ्यात औषध आत. पट्टी काढली की पुन्हा हात धरतात. मी म्हटलं, "म्हणजे गुदगुल्या." त्या हसल्या, म्हणाल्या की पुस्तकात असं लिहिता येणार नाही, पण जवळजवळ तसंच.

ही पट्टी रुग्णालयात सव्वीस जणांवर करून बघायची होती. त्यात माझा नंबर लागला. नऊ पानांवर सह्या केल्या, प्रत्येक सही पहिलीसारखी. दर आठवड्याला एक ताजी पट्टी घरपोच यायची; ती दंडावर लावायची, काढली की छोट्या पाकिटात घालायची, वर तारीख आणि सही. सहा आठवड्यांनी सहाही पाकिटं घेऊन डॉक्टरांकडे. मधे दर आठवड्याला त्यांचा फोन: कसं आहे? सुईतून सुटलो म्हणून मी खूष, आणि आपल्या इमारतीतली वस्तू आपल्या व्याह्यांच्या दंडावर म्हणून विहीणबाई माझ्याहून खूष.

पहिले दोन आठवडे झकास गेले. सुईने होतं तितकंच बरं, वर टोचणं नाही. तिसऱ्या आठवड्यात सकाळी बटण लागेना. चौथ्यात दुपारपर्यंत लागेना. आणि डॉक्टरांचा फोन आला की मी काय सांगत होतो? "उत्तम. एकदम उत्तम."

हसू नका. माझी बाजू ऐका. आमच्या घरात एक शिस्त होती. विहिणीकडून जे येईल ते गोड. आमच्या आजोबांना त्यांच्या विहिणीने एकदा बूट पाठवले, दोन बोटं लहान. आजोबा ते घालून चार कोस चालत त्यांच्या घरी गेले, बूट छान आहेत हे सांगायला. त्यांना परत बैलगाडीने आणावं लागलं. त्या रक्ताचा मी. पट्टी विहीणबाईंच्या घरून नव्हे, कामावरून आली होती, पण मला दोन्ही सारखंच. मी कुरकुर केली तर त्यांचं त्यांच्या माणसांत काय राहील? थंडी आहे, जाईल, असं मी स्वतःला सांगत होतो. भीड भिकेची बहीण, असं उगाच नाही म्हणत.

त्याच सुमाराला विहीणबाई आमच्याकडे वारंवार यायला लागल्या. आधी महिन्यातून एकदा यायच्या, आता दर दोन दिवसांनी. दारातून आत येता येताच विचारायच्या, "बोटं कशी आहेत?" मी म्हणायचो, उत्तम. त्या बसायच्या, पण खुर्चीला पाठ टेकायच्या नाहीत. नजर माझ्या हातांवर. मी हात शालीत घ्यायचो. एकदा त्या घट्ट झाकणाची बरणी घेऊन आल्या, म्हणाल्या, एवढी उघडून द्या बरं. मी म्हटलं, आधी दोन शब्द बोलू, आणि बरणी बायकोबरोबर आत धाडली. बाहेर आली ती उघडूनच. एकदा गाठ मारलेला पुडा आणला. ती गाठ सोडता सोडता मी गावच्या विहिरीत पडलेल्या म्हशीची गोष्ट सुरू केली, ती इतकी लांबवली की शेवटी त्यांनीच कात्री मागितली. मला वाटे, बाईंना पट्टीचा अभिमान, दुसरं काय.

त्यांच्या जिवाला काय घोर लागला होता, हे मला फार नंतर कळलं. पण तुम्हाला आत्ताच सांगतो, नाहीतर तुम्हीही माझ्यासारखेच म्हशीत अडकून पडाल.

ती नक्षी पट्टीवर उठवायची तर गरम प्लास्टिक एका धातूच्या साच्यावर दाबतात. साचाही आगपेटीएवढाच, आणि सव्वीस माणसांना एकच पुरत होता. तो कुणी हाताने धुवायचा नाही, असा सक्त नियम. साचेवाला, म्हणजे साचे सांभाळणारा पन्नाशीचा मिशाळ गृहस्थ, स्वतः बंद कपाटात हवेच्या फवाऱ्याने तो साफ करायचा. सदा गुणगुणणारा माणूस. माझी दुसरी पट्टी दंडावर असताना, एका मंगळवारी, साचा हातात घेतलेल्या साचेवाल्याला घरून फोन आला, की सासरे जिन्यात पडले. त्याने साचा समोरच्या ट्रेवर ठेवला आणि फोन घेऊन बाहेर गेला. तो ट्रे धुवायच्या काचांचा होता. ट्रे ट्रॉलीवर चढला, ट्रॉली तळमजल्यावर गेली.

विहीणबाईंनी एकतीस वर्षांत साचा कधी पाहिला नव्हता; तो बंद दाराआडचा. त्यांना दिसली ती एक धातूची वडी, आणि तिच्यावर रंग. डबक्यात पेट्रोल सांडलं की दिसतात तसे, हिरवे-जांभळे, हलवलं की सरकणारे. त्या म्हणाल्या, तेल. साबणाने धुतलं. पाणी सोडलं. पाण्याच्या टपोऱ्या गोळ्या होऊन घरंगळल्या. गरम पाणी, दुसरा साबण, स्पिरिट. पुन्हा गोळ्या, पुन्हा रंग. आता तुम्हीच सांगा, ज्या बाईला आयुष्यात एक डाग हरवू शकला नाही, तिने काय करावं? त्यांनी खालच्या कप्प्यातून काच घासायची बारीक पांढरी पावडर काढली, ओल्या फडक्यावर घेतली आणि घासायला बसल्या. एका कोपऱ्यात नंबर कोरलेला होता. नंबर कधी घासू नये, हे त्यांना पक्कं माहीत. म्हणून तो कोपरा डाव्या अंगठ्याखाली धरून ठेवला. चाळीस मिनिटं. रंग गेले. आरशासारखं झालं. पाणी सोडलं, तर पडदा कसा सरळ खाली उतरला. विहीणबाईंनी समाधानाने वडी सुकायला ठेवली.

थोड्या वेळाने साचेवाला धापा टाकत आला. वडी फळीवर पाहून त्याचा जीव भांड्यात पडला. ट्रेवर ठेवल्याचं वर कळलं तर आपली धडगत नाही, म्हणून त्याने काही विचारलं नाही, नीट बघितलंही नाही. डबीत घालून घेऊन गेला. त्यांच्या खोलीत दिवा पिवळा. त्या उजेडात रंग तसेही दिसत नाहीत. आणि दर खेपेला सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी व्हायची ती कुठे? नंबर वाचायचा आणि त्याच्या शेजारचीच जागा बघायची, अशी तिथल्या माणसाची सवय. म्हणजे नेमका अंगठ्याखालचा कोपरा. तिथे नक्षी शाबूत. शेरा: ठीक.

आठवड्याभराने मोठ्या बाईंनी पाहुणे आणले. वऱ्हांड्याच्या खिडकीत एक जुनी पट्टी तिरकी धरून त्या म्हणाल्या, हे रंग दिसतात ना, हा रंग नाही, ही नक्षीच आहे. चर उजेडाला फोडतात. यावर पाणीसुद्धा पसरत नाही, गोळ्या होतात. रंग गेले की समजायचं नक्षी गेली. शेजारून विहीणबाई ट्रॉली घेऊन चालल्या होत्या. त्या सांगतात, ट्रॉली तिथेच सोडून त्या खाली गेल्या आणि पावडरीचा डबा काढून त्यावरचं नाव वाचत बसल्या.

सांगून का टाकलं नाही? त्यांनाच विचारलं मी. म्हणाल्या, सूक्ष्मदर्शकाचा शेरा ठीक येत होता. मग ती वडी कुठली तरी जुनी, फेकायची असेल. असेल ना? असंही वाटे. शिवाय निवृत्तीला आठ महिने. शिवाय एकतीस वर्षं. सांगितलं आणि खोटं निघालं तर काम बंद पाडलं म्हणून हसं, खरं निघालं तर सव्वीस माणसांच्या सांध्यांचं पाप. जेवण जाईना. धुण्याच्या खोलीत एक बाटली चार-चार वेळा धुवायला लागल्या. आणि खरं काय ते सांगू शकणारा एकच माणूस त्यांच्या ओळखीचा होता. मी. माझी बोटं बरी असली, तर साचा बरा. त्या दर दोन दिवसांनी तो निकाल बघायला यायच्या, आणि मी हात शालीत घेऊन सांगायचो, उत्तम.

सहावी पट्टी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्या. पुढच्या सकाळी मला रुग्णालयात जायचं होतं, म्हणून सहाही पाकिटं जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडून ठेवली होती. विहीणबाईंनी बोटं कशी आहेत म्हणून विचारलं नाही. त्या टेबलापाशी उभ्या राहिल्या. पहिल्या पाकिटावरची सही: गुरुजींनी पाहिली असती तर डोक्यावरून हात फिरवला असता. दुसऱ्यावरचीही. तिसऱ्यावर वेलांटी मोडलेली. चौथ्यावर अक्षरं उतारावरून घरंगळलेली. पाचव्यावर नुसती एक वेडीवाकडी रेघ. सहाव्यावर पुन्हा सुबक, पण गोलाई वेगळी.

"ही सही कुणाची?" त्यांनी विचारलं.

मी घसा साफ केला, म्हशीला हाक मारायच्या बेतात होतो. पण बायको दारात उभी होती.

"माझी," ती म्हणाली. "चार आठवडे यांची बटणंसुद्धा मीच लावते आहे. पट्टी तुमच्याकडची, मग यांनी बोलायचं कसं?"

विहीणबाईंनी पर्समधून रुमाल काढला, हात पुसले, आणि एकेक पाकीट उघडून पट्ट्या रुमालावर मांडल्या. मग पहिली उचलून खिडकीकडे धरली, तिरकी केली, एक डोळा मिटला. रंग सरकले. दुसरी. रंग सरकले. तिसरी धरली, पट्टी नुसतीच पांढुरकी, खिडकीच्या काचेसारखी कोरी, आणि एका कोपऱ्यात नखाएवढा हिरवा-जांभळा तुकडा. चौथी तशीच, पाचवी तशीच, सहावी तशीच. त्यांनी डाव्या हाताचा अंगठा त्या रंगीत कोपऱ्यावर ठेवला. बरोबर बसला.

त्या खाली बसल्या ते खुर्ची आहे की नाही हेही न बघता. बायकोनेच धावत जाऊन मागे सरकवली. मग सगळं सांगितलं, ट्रॉलीपासून पावडरीपर्यंत. मी ऐकत होतो, आणि मला दिसत होतं की या बाई महिनाभर माझ्या दारात एक खरा शब्द मागत होत्या आणि मी त्यांना सभ्यपणा वाढत होतो.

धीर द्यावा म्हणून मी एक आठवण काढली. आमच्या शाळेत अक्षर वळवायला काही पाट्यांवर गुरुजींनी खिळ्याने ओळी कोरलेल्या होत्या. माझ्या शेजारी बसणारा एक पोरगा, भलता टापटिपीचा. त्याला वाटलं, पाटीवर ओरखडे पडलेत. त्याने कोळसा आणि वीट घेऊन दोन दिवस पाटी घासली आणि ओळींचा मागमूस ठेवला नाही. घेऊन आला, आरशासारखी, गुरुजींना दाखवायला.

"मग?" विहीणबाईंनी विचारलं. "गुरुजी काय म्हणाले?"

तेव्हा मला आठवलं की गुरुजींनी त्याला वर्गातून अंगणापर्यंत बडवत नेलं होतं. मी म्हटलं, पुढचं नीटसं आठवत नाही. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी पाणी आणायला उठलो. पेला माझ्या हातातून निसटला. लपवायला आता काही उरलंच नव्हतं.

विहीणबाई काचेचे तुकडे गोळा करता करता म्हणाल्या, "तुम्ही एकटे नाही, व्याहीबुवा. आणखी पंचवीस आहेत. त्यांची बटणं कोण लावत असेल?"

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला आम्ही दोघं प्रयोगशाळेच्या वऱ्हांड्यातल्या बाकावर होतो. माझी रुग्णालयातली वेळ अकराची. पाकिटं माझ्या खिशात. मी एरवी बाकावर बसलो की शेजारच्याला दोन गोष्टी तरी सांगतोच; त्या दिवशी खिशातली पाकिटंच मोजत राहिलो. विहीणबाईंनी धुवायच्या खोलीची किल्ली मुठीत धरली होती, आणि मूठ अधूनमधून उघडून ती आहे ना, बघत होत्या. येणारे-जाणारे म्हणत, काय लख्ख मावशी, आज वर कशा? त्या नुसती मान हलवायच्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एकदा त्या उठल्या, जिन्यापर्यंत गेल्या. मला वाटलं, चालल्या. जिन्याचा कठडा रुमालाने पुसून परत आल्या.

मोठ्या बाई आल्या तशा त्या उभ्या राहिल्या.

"तो साचा मी घासला," विहीणबाई म्हणाल्या. "मंगळवार होता. चाळीस मिनिटं. तेल समजले मी."

मोठ्या बाईंना आधी काही कळलंच नाही. त्यांना वाटलं, काच फुटली असेल. मी पट्ट्या पुढे केल्या. त्यांनी पहिली खिडकीत धरली, मग तिसरी. मग पुन्हा पहिली. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी अगदी हळू विचारलं, पावडर कुठली, आणि नाव ऐकून डोळे मिटले. मग त्यांनी एकामागून एक फोन केले: साच्याचं यंत्र बंद करा, पट्ट्या रुग्णालयातून परत मागवा, डॉक्टरांना सांगा सगळ्यांना विचारा. साचेवाल्याला बोलावलं. तो गुणगुणत आला, बाकावर विहीणबाईंना बघितलं आणि गाणं तोंडातच राहिलं. कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, ट्रेवर मीच ठेवला होता. त्याने मिशीवरून हात फिरवला आणि तो आमच्याच बाकावर, विहीणबाईंच्या पलीकडे येऊन बसला.

मी रुग्णालयात जाऊन, सहा आठवड्यांचं खरं एका दमात ओकून, दुपारी परत त्याच बाकावर आलो. विहीणबाई तिथेच. जेवल्या नव्हत्या. मोठ्या बाईंना त्यांनी एकच गोष्ट विचारली होती: कुणाचं काही कायमचं बिघडलं का? नोकरीचं एका शब्दाने विचारलं नव्हतं. उत्तर यायला सव्वीस माणसांना गाठायला हवं होतं. आत फोन वाजला की त्यांची मूठ आवळायची. एकजण घड्याळं दुरुस्त करणारा होता, तीन आठवडे दुकान बंद करून बसलेला. हे दारातून ऐकू आलं आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, माझ्याकडून पडेल.

चार वाजता मोठ्या बाई बाहेर आल्या. कायमचं कुणाचं काही नाही. सूज आहे, आखडलेत, उद्यापासून सगळ्यांना पुन्हा सुई. विहीणबाईंनी मान डोलावली, भिंतीला डोकं टेकलं, आणि त्या रडल्या. रडता रडताच रुमालाने भिंतीवरचा आपल्या डोक्याचा डाग पुसला.

नंतर कळलं, सव्वीसांपैकी नऊ जणांनी कुरकुर केली होती, पण डॉक्टरांनी ती थंडीच्या नावावर लिहिली होती. बाकीचे सतरा म्हणाले होते, बरं आहे. सरळ विचारल्यावर त्यातले चौदा माझेच भाऊबंद निघाले. कुणाला डॉक्टरांचं मन मोडवेना, कुणाला पट्टी गेली तर सुई येईल याची भीती. मोठ्या बाई मला म्हणाल्या, आजोबा, तुमच्या 'उत्तम'ने आमचं एक महिन्याचं नुकसान केलं. मी म्हटलं, खरंय. दुसरं काय म्हणणार?

विहीणबाईंना आणि साचेवाल्याला लेखी समज मिळाली आणि तीन आठवडे घरी बसवलं. ते तीन आठवडे वाईट गेले. सून म्हणायची, आईने घरातल्या खिडक्या झिजवल्या. मग कामावर परत घेतलं. साच्याला आता लाल डबी आहे, तपासणी पाच जागी होते, आणि धुण्याच्या खोलीत तो घासलेला साचा एका खुंटीला दोऱ्याने टांगलेला आहे. तो मोठ्या बाईंनी नाही, विहीणबाईंनी स्वतः मागून घेतला. परत गेल्यावर पहिल्या सुट्टीत विहीणबाई त्या घड्याळवाल्याकडे गेल्या होत्या. काय बोलल्या ते सांगत नाहीत. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ मात्र आता कधी मागे पडत नाही.

नवा साचा व्हायला दोन महिने लागले. तोवर मी सुई घेतली. आता पुन्हा पट्टी लावतो, रंग बघून. विहीणबाई अजून येतात, दारातूनच विचारतात, बोटं? मी सगळी यादी वाचतो: डावी करंगळी आखडली, उजव्या मनगटात कळ आली, काल पेन सुटलं. त्या खुर्चीला पाठ टेकून, कौतुकाने ऐकतात. बायको म्हणते, एवढं रडगाणं कुणी विहिणीला ऐकवतं का.

हे सगळं मी माझ्या हाताने लिहिलंय. काल कागद त्यांना वाचायला दिले. म्हटलं, तुमचंच आहे, बघून घ्या. त्यांनी चष्मा पुसला, सावकाश वाचलं, आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. इथे अक्षर का बिघडलं? मी म्हटलं, थंडी होती. त्यांनी कागद खाली ठेवला आणि एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं, पेल्याकडे पाहतात तसं.

"अंगठा दुखत होता," मी म्हणालो. "मंगळवारपासून."

त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि समासात तारीख लिहून घेतली.